काठाची उंची

नागदेवीच्या गल्लीत मुफद्दलभाईंच्या दुकानात
टब भिंतीला उभे टेकवलेले,
पंगतीची वाट बघून कंटाळलेल्या वऱ्हाडासारखे.
पांढरे, हस्तिदंती, एक गुलाबी,
जो मी पाहिलाच नाही असं केलं.
"ॲक्रिलिक घ्या ताई, हलका. पाणी लवकर निवत नाही.
लोखंडी तुमच्या नातवंडांना पुरेल,
पण स्लॅबला विचारलंत का?"
म्हटलं, चौदावा मजला.
म्हणाले, मग विषय संपला.

माझ्या हातात वहीचा कागद:
पाच बाय सात. दार आत उघडतं.
खिडकीखाली गीझरचा पाइप.
आणि खाली, दोनदा अधोरेखित:
अण्णांचा उजवा पाय नऊ इंचांवर उचलत नाही.

हे माप कुठल्याच कॅटलॉगात नव्हतं.
तिथे पाठीला उतार होता, मानेला उशी,
बुडबुड्यांसाठी वेगळं बटण.
"काठाची उंची कुणी विचारत नाही," मुफद्दलभाई म्हणाले,
"लोक आडवं व्हायला टब घेतात,
आत कसं जायचं ते नंतर बघतात."

मग मी चपला काढल्या आणि एकात आडवी झाले.
छपन्नाव्या वर्षी, भर दुपारी,
बाहेर हातगाडीवाल्यांची हुज्जत, शेजारी कमोडांची रांग.
वर पंखा, त्याच्यावर जुनी जळमटं.
आई आठवली.
मोरीच्या कठड्याआड, दोरीवर लुगडं टाकून, उकिडवी;
सहा तांबे, सातवा पायांवर.
ती पाण्यात कधी आडवी झाली नाही.
पाण्यातच कशाला,
दिवसाउजेडी कुठेच नाही.

फोन लावला. अण्णा, एक पसंत पडलाय.
तिकडून: "किती लिटर?"
दोनशेवीस.
बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.
मग: "म्हणजे आपल्या जुन्या मजल्यावरच्या तीन खोल्यांची सकाळ."

अण्णा पालिकेत चावीवाले होते.
चौतीस वर्षं पहाटे चारला
खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी घेऊन निघायचे,
रस्त्यातलं झाकण उचलायचे,
वेढे मोजत गल्लीला पाणी सोडायचे.
घोडपदेवला चौदा.
कुणी चहा पाजला म्हणून पंधरावा नाही.
आमच्या चाळीला तर नाहीच;
त्यावरून आई दोन-दोन दिवस बोलायची नाही,
आणि अण्णा ते दोन दिवसही मोजायचे.

टब आला. लिफ्टमध्ये मावेना,
चार माणसांनी जिन्याने चढवला.
काठ पंधरा इंच.
नायक, केंद्रपाड्याचा प्लंबर, गुडघ्यावर बसला,
टाइल ठोकून बघितली.
"बिल्डरने इथे स्लॅब सात इंच खाली घेतलाय, पाइपांसाठी.
टब त्यातच बसवतो."
पंधरातून सात गेले.
मी कागद घडी करून डब्यात ठेवला, का कोण जाणे.

पहिला रविवार.
अण्णा पंचा नेसून, माझ्या खांद्यावर हात.
डावा पाय गेला. उजवा थांबला,
विचार केला त्याने,
गेला.
मी नळ पूर्ण सोडला तर माझा हात बाजूला केला.
दोन वेढे, अर्धा मागे.
कान भिंतीला लावून म्हणाले,
"खाली कुणीतरी उघडलाय. थांबू जरा."
घोट्याच्या वर चार बोटं पाणी आलं, आणि: "बास."

अहो अण्णा, पाव टबही भरला नाही.
"बास म्हटलं ना."

तिसऱ्या रविवारी मी बाहेर तांदूळ निवडत होते.
नळ वाहत राहिला.
तांदूळ संपले, नळ वाहत राहिला.
हाक मारणार होते, नाही मारली.
मग एकदम शांत, आणि एकच आवाज,
पाण्यात कुणी मान टेकवली की होतो तेवढा.

पुसायला गेले तेव्हा टबाच्या आत
छातीइतक्या उंचीवर साबणाची रेघ होती, सबंध गोल.
अण्णा दारात, केस ओले, नजर खिडकीकडे.
"नळ गळतो बहुतेक," म्हणाले.
"नायकला बोलव.

पण घाई नाही."